लायब्ररीचं आडनाव

सोमवारी सकाळी सरांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत नाव पक्कं करून टाकू. म्हणजे आम्ही केलंच आहे, तुम्ही फक्त हो म्हणा."

सर म्हणजे आमच्या कंपनीचे संचालक. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण सगळेच त्यांना सर म्हणतात म्हणून मीही म्हणत असे. मला कंपनीत 'चाळणी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ठाऊक होतं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम तपासायला बसले की माझ्या हातून चूक सुटत नसे, त्यावरून पडलेलं नाव. मला ते आवडायचं, हे मात्र मी कुणाला कळू दिलं नाही.

ज्या गोष्टीचं नाव ठेवायचं होतं ती एक लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं एखादं अवघड काम एकदा नीट लिहून ठेवतात आणि बाकीचे ते आपापल्या प्रोग्रॅममध्ये आणून जोडतात, त्या तयार कामाला लायब्ररी म्हणतात. माझी लायब्ररी पत्रं वाचायची आणि कुठलं पत्र कुठल्या गठ्ठ्यात जायला हवं ते सांगायची. एवढंच. पण ते एवढंच करायला मला तीन वर्षं लागली होती.

आता अशा लायब्रऱ्या जगात लाखो. दोघींमध्ये एकाच नावाचा भाग निघाला तर कॉम्प्युटरचा गोंधळ उडतो. वर्गात एकाच नावाच्या तीन मुली असल्या की बाई आडनावाने हाक मारतात ना, तसं प्रत्येक लायब्ररीला स्वतःचं एक आडनाव लागतं. त्याला नेमस्पेस म्हणतात. लायब्ररीतल्या प्रत्येक वस्तूच्या आधी ते लागतं, आणि ती वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला आपल्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत ते स्वतःच्या हाताने टाइप करावं लागतं. लोक एकदा वापरायला लागले की मग ते बदलायची सोय नाही. बदललं की सगळ्यांचे प्रोग्रॅम एका दमात झोपतात. म्हणून मी इतके दिवस तिथे नुसतं 'कच्चं' असं लिहून ठेवलं होतं. नाव सुचेपर्यंत थांबू म्हटलं.

सरांनी कागद पुढे सरकवला. त्यावर आमच्या कंपनीचं नाव होतं आणि त्याच्यापुढे 'पत्रसेवा'.

"आपली मोठ्या कंपनीशी बोलणी चालली आहेत," सर म्हणाले. "त्यांना सगळ्या वस्तूंवर एकच नाव दिसायला हवं."

"पण ही कंपनीची वस्तू नाही, सर. मी घरी केली आहे. कंपनीने ती वापरायला घेतली, इतकंच."

"तुम्ही आमच्याच ना? मग तुमचं ते आमचं." ते हसले. "अहो, नुसतं नाव तर आहे."

मी "बघते" म्हणाले. घर सांभाळणारी, सेहेचाळीस वर्षांची बाई अशा वेळी "बघते" म्हणते. त्यात होही नसतं आणि नाहीही नसतं, आणि समोरचा ते हो समजून उठतो. सर तसेच उठले.

ही लायब्ररी खरं तर माझ्या नणंदेच्या स्वयंपाकघरात जन्मली होती.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना ताई म्हणते. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात त्या सव्वीस वर्षं एकच काम करत होत्या. आलेली पत्रं उघडायची, वाचायची आणि भिंतीलगतच्या चौदा ट्रेंपैकी ज्या त्या ट्रेमध्ये टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसून माझं रडगाणं गात होते. पत्रांचे गठ्ठे लावणारा एक प्रोग्रॅम मी हौसेखातर लिहायला घेतला होता आणि तो जिथे तिथे आपटत होता. उदाहरणादाखल मी वर्तमानपत्रात छापून आलेलं एक तक्रारीचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. 'आपल्या कृपेने आमच्या दारात तळं झालं आहे. मुलं पोहायला शिकली. मनापासून आभार.' माझ्या प्रोग्रॅमने ते आभाराच्या गठ्ठ्यात टाकलं होतं.

ताई भाजी चिरत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, "फुटलं."

"काय फुटलं?"

"पाइप, दुसरं काय. आणि तो पहिल्यांदा लिहीत नाहीये. निदान तिसरी वेळ. पहिल्यांदा लिहिणारा माणूस विनोद करत नाही."

मी वही काढली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी आम्ही त्या टेबलाशी बसायला लागलो. ताईंनी आपल्या अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीत जुनी पत्रं स्वतःच्या हाताने वहीत उतरवू लागल्या. नाव, पत्ता, फोन सगळं गाळून, नुसता मजकूर. खाली लाल पेनने ट्रेचं नाव. अशा अकरा जाड वह्या झाल्या, चार हजारांवर पत्रं. मी ती टाइप केली, आणि त्यांच्यावरूनच माझी लायब्ररी शिकली.

ट्रेंची नावंही ताईंचीच. कार्यालयाने कधीकाळी क्रमांक दिले होते, ते त्यांनी पहिल्याच वर्षी बाजूला सारले. 'येत नाही' हा एक ट्रे आणि 'येतंच नाही' हा दुसरा. मी विचारलं, फरक काय? तर म्हणाल्या, "पहिल्याचा नळ बिघडलाय. दुसऱ्याच्या गल्लीत कुणी नळजोडणीच केलेली नाही, आणि ते त्यालाही माहीत नाही." मग 'फुटलं', 'गढूळ', 'जुनं दुखणं', 'शेजाऱ्याशी भांडण'. त्या शेवटच्या ट्रेमधल्या पत्रांत पाणी हे निव्वळ निमित्त असायचं. आणि सगळ्यात कोपऱ्यातला ट्रे, 'एकटं माणूस'.

"हा कसला ट्रे?"

"काही म्हातारी माणसं दर आठवड्याला लिहितात. नळ ठिबकतो म्हणून. आम्ही माणूस पाठवला की नळ ठणठणीत असतो. पण माणूस गेला म्हणजे ती त्याला बसायला सांगतात." ताईंनी वही मिटली. "तसलं पत्र आलं की मी निरीक्षकाला सांगते, तिकडून जाणार असशील तर दहा मिनिटं टेक."

चौदा ट्रे मोजून झाल्यावर मी म्हटलं, "'इतर' राहिला."

"इतर नाही," ताई म्हणाल्या. "इतर म्हणजे वाचलं नाही."

माझ्या कामात 'इतर' नसलेलं वर्गीकरण मी कधी पाहिलं नव्हतं. सगळेच ठेवतात, सोयीचं पडतं. ताईंनी ठेवू दिलं नाही. जिथे यंत्राला कळत नाही तिथे त्याने 'मला कळलं नाही, माणसाने वाचा' असं स्पष्ट म्हणावं, लपवू नये, हा त्यांचा हट्ट. त्या हट्टापायी मला पाच महिने जास्त लागले. पण लायब्ररी जी काही चांगली झाली ती त्या पाच महिन्यांत झाली.

मंगळवारी मी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर माझं "बघते" सरांनी कसं समजून घेतलं ते दिसलं. कंपनीत ठेवलेल्या लायब्ररीच्या प्रतीत 'कच्चं' जाऊन सगळीकडे कंपनीचं नाव लागलं होतं. एकशे बारा फायलींत. ते काम कुणीतरी इमानदारीने केलं होतं, एकही जागा सोडली नव्हती. मी चाळत गेले. करणाऱ्यांची यादी असलेली फाइल उघडली. तिथे माझं नाव होतं. ताईंचं काढून टाकलं होतं, आणि शेजारी कारण लिहिलं होतं : 'कर्मचारी नाहीत.'

मग मी ट्रेंची यादी उघडली. चौदाचे नऊ झाले होते. 'येत नाही' आणि 'येतंच नाही' एकत्र केले होते. 'एकटं माणूस' नव्हताच. आणि सगळ्यात खाली, दहावा, 'इतर'.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "ग्राहकाला चौदा जड जातात हो. आणि एकटं माणूस ही काय तक्रार आहे का?"

मी परत येऊन खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी भांडले नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि जगातल्या सगळ्या अडचणी त्याला अडकलेल्या लिफ्टसारख्याच दिसतात.

"आत कोण अडकलंय ते आधी बघ," तो म्हणाला. "बटणं नंतर दाब."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ताईला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. कसं सांगणार? चार हजार पत्रं हाताने उतरवणाऱ्या बाईला जाऊन म्हणू, तुमचं नाव खोडलं, कारण तुम्ही कर्मचारी नाही?

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी पाणीपुरवठा कार्यालयात गेले. तक्रार विभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. हिरवट भिंती, उंच खिडक्या, मध्ये एक टेबल, त्यावर पत्रं फोडायची बोथट सुरी आणि बोट ओलं करायचा स्पंज. भिंतीला चौदा लाकडी ट्रे. ताई टेबलाशी बसल्या होत्या, पण पत्रं फोडत नव्हत्या. त्यांच्यापुढे एकच कागद होता. तो त्यांनी मला दिला.

बदलीचा हुकूम होता. पुढच्या महिन्यापासून तक्रारींचं वर्गीकरण यंत्राने होणार असल्यामुळे सदर पद आवश्यक नाही, सदर कर्मचारी मीटरच्या गोदामात रुजू होईल. खाली, कुठलं यंत्र, तर आमच्या कंपनीचं नाव.

मी ताईंच्या समोरच्या स्टुलावर बसले. "ताई, हे माझ्यामुळे झालं."

"अगं, एवढी मोठी नको होऊस," ताई म्हणाल्या. "खुर्ची जाणारच होती. तू नाही तर दुसरं कुणीतरी यंत्र आणलं असतं. मला माहीत नव्हतं होय? मी काय डोळे मिटून वह्या भरल्या? मी भरल्या त्या एवढ्यासाठी, की येणारं यंत्र निदान पत्र वाचणारं यावं."

मग मी सगळं सांगून टाकलं. नाव, एकशे बारा फायली, नऊ ट्रे, 'इतर'. ताई शांतपणे ऐकत होत्या. 'कर्मचारी नाहीत' हे ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा त्यांचा भाऊ घरातून बाहेर निघून जातो.

"सर म्हणतात, नुसतं नाव तर आहे," मी म्हटलं. "मलाही वाटतं, जाऊ दे. काम तर चाललंय."

"नुसतं नाव आहे, तर त्यांना का हवंय?"

मी टेबलावरच्या स्पंजवर बोट दाबत बसले.

"लग्न झाल्यावर तू आडनाव बदललं नाहीस," ताई म्हणाल्या. "तेव्हा मी तुझ्याशी वर्षभर धड बोलले नाही. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं!"

"माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस. तेव्हा माझ्यासारखीचं ऐकलं नाहीस, आणि आता त्या कालच्या साहेबाचं ऐकतेस?" त्यांनी चष्मा परत लावला. "माझी खुर्ची जातेय ती जाऊ दे. पण ती कुणाच्या अकलेने गेली ते तरी लिहून ठेव."

तेवढ्यात दार ढकलून एक निरीक्षक आत आला. हातात ओलं झालेलं पाकीट. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "टपालताई, हे कुठे टाकू? पत्ताच वाचता येत नाहीये."

"दे इकडे. तू नको टाकूस कुठे."

मी ताईंकडे पाहत राहिले. कार्यालयात शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे त्यांना टपालताई म्हणायचे, हे मला वीस वर्षं माहीत होतं. पण ऐकू त्या दिवशी आलं.

"टपालताई," मी म्हटलं.

"आता तूही?"

"लायब्ररीचं नाव. टपालताई."

ताई आधी हसल्या, मग रागावल्या. "वेडी का काय तू! असलं नाव असतं का यंत्राला? लोक हसतील."

"हसू देत. हसत हसत टाइप करतील."

"त्यापेक्षा 'निवड' ठेव. 'छाननी' ठेव. चांगलं भारदस्त काहीतरी."

"भारदस्त नावाखाली तुम्हाला खोडता येतं, ताई. हे नाव खोडलं तर लायब्ररीच बंद पडेल. आतल्या प्रत्येक ओळीच्या आधी तुम्ही बसलेल्या असाल."

त्या बराच वेळ ओलं पाकीट स्पंजशेजारी वाळत घालण्यात गुंतल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "स्पेलिंग तरी नीट लिही. मागच्या वर्षी सत्काराच्या कागदावर माझं 'टापालताई' केलं होतं त्या लोकांनी."

गुरुवारी मी रजा टाकली. दुपारी ताईंच्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलावर, माझा स्वतःचा कॉम्प्युटर उघडला. माझ्याकडची मूळ प्रत घेतली, चौदाच्या चौदा ट्रेंची. 'कच्चं' होतं तिथे सगळीकडे 'टपालताई' केलं. रोमन लिपीत आठ अक्षरं. करणाऱ्यांच्या यादीत ताईंचं पूर्ण नाव आधी आणि माझं नंतर लिहिलं. परवान्यात लिहिलं : कुणीही घ्या, वापरा, हवं तसं बदला, फक्त करणाऱ्यांची नावं काढू नका. जगभरच्या लायब्रऱ्या जिथे नोंदवल्या जातात तिथे आधी तपासलं. टपालताई नावाची दुसरी एकही लायब्ररी नव्हती. असेल कशाला?

"दाबू?" मी विचारलं.

"थांब," ताई म्हणाल्या. हात पुसून आल्या, माझ्या शेजारी खुर्ची ओढून ताठ बसल्या, फोटो काढायचा असल्यासारख्या. "हं, दाब."

दाबलं. साडेतीन वाजले होते. ताईंनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्या म्हणाल्या, "काही आवाज नाही झाला." आणि चहा ठेवायला उठल्या.

शुक्रवारी काचेच्या खोलीत सर होते, आमचे विक्रीप्रमुख होते आणि मी होते. सरांनी कागद पुढे केला. मी म्हटलं, "नाव ठरलंय. काल दुपारी नोंद केली."

त्यांनी पडद्यावर नोंद उघडली. विक्रीप्रमुखांनी ते नाव अडखळत दोनदा वाचलं, जणू तिसऱ्यांदा वाचलं की वेगळं निघेल.

"हा विनोद आहे का?" त्यांनी विचारलं. "बाहेरच्या देशातल्या माणसाला हे उच्चारता तरी येईल का?"

"मला त्यांच्या लायब्रऱ्यांची नावं उच्चारायला दहा वर्षं लागली," मी म्हणाले. "माझ्यासाठी कुणी बदलली नाहीत. मी शिकले. तेही शिकतील."

"पण टपालताई म्हणजे कोण?" सरांनी विचारलं.

"जिचं नाव तुम्ही मंगळवारी खोडलंत ती."

सर जरा गडबडले, मग त्यांनी आवाज मऊ केला. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. "हे बघा, तुमच्या करारात स्पष्ट लिहिलंय. नोकरीत असताना कर्मचाऱ्याने केलेलं काम कंपनीचं."

"कंपनीने लेखी सूट दिली नसेल तर. त्याच कलमात पुढे आहे." मी पिशवीतून कागद काढला. तीन वर्षांपूर्वी मी सरांनाच मेल पाठवली होती की रविवारी घरी बसून, कंपनीचा वेळ आणि यंत्र न वापरता, मी पत्रांच्या वर्गीकरणावर काहीतरी करणार आहे, चालेल का. त्यावरचं त्यांचं उत्तर मी मोठ्याने वाचलं. "'घरी बसून पत्रांशी खेळायचं असेल तर खुशाल खेळा. ते तुमचं तुम्हाला लखलाभ. आम्हाला काय करायचंय त्याचं.' खाली सही तुमची आहे."

विक्रीप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती.

"तुम्ही कंपनीच्या विरोधात जाताय," सर म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता.

"मी होते तिथेच उभी आहे, सर. कंपनी समोर येऊन उभी राहिली."

"आम्ही आमच्या नावाने वेगळी प्रत काढू शकतो. तुमच्याच परवान्यानुसार."

"काढा ना. नऊ ट्रे ठेवा, नाहीतर दोनच ठेवा. पण तिचं नाव यादीत राहील. आणि ती प्रत माझ्या हातून निघणार नाही."

"मग तुमचं इथे काय काम उरलं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी दुसरा कागद काढला. राजीनामा मी सकाळीच लिहून ठेवला होता. लागला तर असावा म्हणून. लागला.

बाहेर आले तेव्हा टेबलाटेबलांवरून माना वर झाल्या होत्या. काचेच्या खोलीतलं ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी, जिचे प्रोग्रॅम मी दोन वर्षं निर्दयपणे चाळत आले होते, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चाळणीबाई, जाताय?" पहिल्यांदाच तोंडावर. मग तिने जीभ चावली. मी तिला म्हटलं, "जाते. चुका कमी करत जा, आता सापडायच्या नाहीत."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "तू आणि ताई एका बाजूला," तो म्हणाला. "मला त्या सरांची दया येते."

यापुढे सगळं आमच्या मनासारखं झालं असं मी म्हणणार नाही. कंपनीने आपली प्रत आपल्या नावाने काढली. त्यांच्याकडे माणसं होती, जाहिरात होती. पहिल्या वर्षात दोनशे कार्यालयांनी ती घेतली. टपालताई घेतली अकरांनी. एका मोठ्या वर्तमानपत्राने चौकशी केली आणि शेवटी लिहिलं की सगळं आवडलं, नाव तेवढं बदलाल का, आमच्या वरिष्ठांना ते पोरकट वाटतं. मी दोन ओळींत नाही कळवलं. मग तासभर मला वाईट वाटलं. मग एका वाचनालयाने लिहिलं की त्यांच्याकडे वाचकांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पडलेत, आणि टपालताई हे नाव वाचूनच त्यांनी लायब्ररी उघडून पाहिली. मला बरं वाटलं. असंच चालतं. मी एका शिवणवर्गाच्या वरची खोली घेतली आहे. खालून दिवसभर मशिनींचा आवाज येतो, आणि अकरा कार्यालयांचे प्रश्न सोडवायला माझा दिवस पुरत नाही.

ताई मीटरच्या गोदामात रुजू झाल्या. तिथे मीटर मोजायचे आणि पुसायचे. पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत कंपनीची प्रत बसली, आणि तीन महिन्यांत 'इतर'मध्ये इतकी पत्रं साचली की तिथल्या माणसाने ती नुसती एका खोक्यात टाकायला सुरुवात केली. ताईंना कळलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन वर जायला लागल्या. खोक्याजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि एकेक पत्र वाचायच्या. वाचलेल्यावर लाल पेनने लिहायच्या. फुटलं. येतंच नाही. एकटं माणूस.

आठवड्याभरात अधिकारी आला. "टपालताई, तुमची नेमणूक गोदामात आहे. कुणाच्या हुकमाने हे वाचताय?"

"वाचायला हुकूम लागत नाही, साहेब. न वाचायला लागतो. तो असेल तर दाखवा."

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने खोक्यातलं वरचं पत्र उचललं. एका म्हातारीचं होतं, नळ ठिबकतो म्हणून. तिचं त्याआधीचंही पत्र तिथेच होतं, आणि त्याआधीचंही. सहा निघाली. अधिकारी ती सहाही उभ्याउभ्या वाचून काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी स्टुलाच्या जागी खुर्ची आली, हुकूम मात्र कसलाच आला नाही. ताईंनी खुर्ची घेतली आणि हुकमाचं विचारलं नाही.

असे चार महिने गेले. मग एक दिवस अधिकाऱ्यानेच त्यांना विचारलं, "तुमची ती लायब्ररी बसवायची झाली तर काय करावं लागेल?"

"माझ्या भावजयीला विचारा," ताई म्हणाल्या. "पण नीट विचारा. चिडकी आहे ती."

मागच्या मंगळवारी मी बाराव्या कार्यालयात लायब्ररी बसवली. ताईंना गोदामातून एका दिवसापुरतं वर बोलावलं होतं. यंत्राने शंभर पत्रांचे गठ्ठे लावले. ताईंनी तीच शंभर पत्रं हातात घेतली आणि लाल पेन काढलं. संध्याकाळपर्यंत अकरा पत्रांवर त्यांचं आणि यंत्राचं पटलं नाही. मी एकेक घेऊन बसले. नऊ ठिकाणी ताई बरोबर होत्या, ती मी दुरुस्त केली. उरलेल्या दोनांत मला यंत्राचं पटतं, ताईंना अजिबात पटत नाही. परवा रविवारी आम्ही त्यावरून तीन तास भांडलो. नवरा उठून बाहेर निघून गेला. ती दोन पत्रं अजून टेबलावरच आहेत.